भिंत माझ्या कुंपणापाशी थांबली

आमच्या लेआउटमध्ये माणूस घर बांधायला काढतो तेव्हा आधी नकाशा आणत नाही, मुरूम आणतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या ओततो आणि शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा आपलं जोतं हातभर वर गेलं की मगच पाया आखतो. पुढच्या साली त्याच्या बाजूला कोणी बांधलं की तो त्याच्याहून हातभर वर. नगरपरिषद रस्ता करते तोही जुना रस्ता न उकरता, त्याच्यावरच नवा थर. मी सगळ्यांत आधी बांधलं, म्हणून सगळ्यांत खाली मी. राहायला आलो तेव्हा पायऱ्या चढून घरात जायचो, आता रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावं लागतं. येणारेजाणारे हसतात, "सिस्टर, तुमचं घर खड्ड्यात गेलं." मी म्हणते, "घर नाही गेलं बाप्पा, तुम्ही सारे माझ्या डोक्यावर येऊन बसले."

सिस्टर म्हणतात, कारण नोकरीभर मी यवतमाळ जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांमध्ये नर्स होते. कधी महागाव, कधी फुलसावंगी, शेवटी यवतमाळ. आता रिटायर झाले. नवरा जाऊनही बरेच दिवस झाले, मुलगी नागपूरला सासरी आहे. घरात मी एकटी, आणि मागच्या अंगणाच्या पलीकडे नाला.

नाला म्हणजे पावसाळा सोडला तर नाला म्हणायच्याही लायकीचा नाही. उन्हाळ्यात त्यात डुकरं लोळतात आणि प्लास्टिकच्या पन्न्या बाभळीच्या काट्यांना अडकून फडफडतात. आम्ही आलो तेव्हा त्याचे काठ उताराचे होते, बाया गोवऱ्या घेऊन सहज उतरायच्या. पूर आला तरी दोन्हीकडच्या तुरीत, पऱ्हाटीत पसरायचा आणि दमून पुढं जायचा. मग वरच्या अंगाला लेआउट पडले. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. शेत गेलं तिथं सिमेंट आलं, अंगणातसुद्धा लोकांनी फरशी घातली, चिखल नको म्हणून. जमिनीत मुरायला पाण्याला जागाच ठेवली नाही. वर आभाळ फाटलं की चुलीवरचा चहा उकळायच्या आत पाणी आमच्या मागं हजर. त्यात एका लेआउटवाल्यानं प्लॉट चौकोनी बसावेत म्हणून जेसीबी लावून नाल्यालाच एका बाजूला ढकललं. तो बरोबर माझ्या घरामागं वळतो. पावसाळ्याआधी आम्ही त्याला नाला म्हणतो, पावसाळ्यात 'ते' म्हणतो. "ते आलं का?" "ते चढून राह्यलं."

नाल्याच्या पलीकडे माझ्या ताईचं घर होतं. सख्खी ताई, मोठी. आम्ही दोघी बोरी अरबच्या. लोक प्लॉट घेताना रस्ता पाहतात, वास्तू पाहतात, पाण्याचा उतार पाहतात. आम्ही दोघी बहिणींनी काय पाहिलं, तर एकीच्या गच्चीवरून दुसरीची गच्ची दिसते का. नाला आम्हाला गल्लीएवढाच वाटला. थोडं खालून रपटा होता, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल, पायानं पलीकडे जाता यायचं. सकाळी ती पातोडीची भाजी पाठवायची, संध्याकाळी मी रिकामा डबा परत न करता त्यात काहीतरी घालून न्यायची. पावसाळ्यात तर रोजचंच. वर्षावासाचे तीन महिने त्यांच्या बाजूच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, पांढरी साडी नेसून मी रपट्यावरून जायची, ताई माझ्यासाठी सतरंजीवर जागा धरून बसलेली असायची. आमचे भाऊजी, ताईचे यजमान, तेव्हा म्हणायचे, "या दोघीईनं घर नाई घेतले, एकमेकीच्या खिडक्या घेतल्या." शहाण्या माणसानं करू नये अशी गोष्ट आम्ही केली आणि त्यात आम्ही गंजच खूश होतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोणी सांगितली नाही. नाल्याच्या अलीकडे नगरपरिषदेची हद्द, पलीकडे ग्रामपंचायतीची. बहिणी एक, सरकारं दोन.

मग भाऊजींना लकवा मारला. हायस्कूलमध्ये मास्तर होते, आवाज असा की मैदान गप्प बसायचं. एक बाजू गेली, बोलणं गेलं. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. मी रोज सकाळी जायची, त्यांना कुशीवर वळवायची, पाठीला जखम तर होत नाही ना पाहायची, बीपी मोजायची. ते डाव्या हातानं माझं मनगट धरायचे आणि सोडायचे, म्हणजे झालं, जा आता. ताईच्या घराचा जिना बाहेरून होता, अरुंद. धडधाकट माणूस सरळ चढतो तिथं, पण आडव्या माणसाला उचलून न्यायला वळायलाही जागा नव्हती.

त्याच साली ते चढलं. दुपारची वेळ. माझ्या अंगणात पाणी आलं, घरात आलं, मी गॅसचं सिलिंडर ओट्यावर चढवलं आणि गच्चीवर गेले. समोर पाहते तर ताईच्या दारातून पाणी आत चाललेलं. रपटा बुडालेला. दार उघडं होतं, म्हणून आतलं दिसत होतं. ताई पलंगावर भाऊजींच्या उशाशी पाय वर घेऊन बसली होती आणि त्यांचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. पाणी पलंगाच्या पाटीला लागलं होतं. मी आयुष्यात कितीतरी मरणं पाहिली, पेशंटच्या नातेवाइकांना धीर दिला, पण त्या दुपारी गच्चीवर उभी राहून मी नुसती ताईला हाका मारत होते. ओरडले तरी ऐकू जात नव्हतं. नाला केवढा रुंद आहे ते मला त्या दिवशी कळलं. पाणी पाटीपाशीच थांबलं आणि उतरलं. वीतभर आणखी चढलं असतं तर भाऊजी गादीसकट भिजले असते. त्याच्याही वर गेलं असतं तर काय, ते मी मनात आणत नाही.

पाणी ओसरल्यावर पंचनामा झाला. पंचनामा म्हणजे साहेब येतात, भिंतीवरचा ओला डाग पाहतात, "अरेरे" म्हणतात आणि जातात. मग निवेदनं सुरू झाली. आमच्या लेआउटची समिती आहे, तिचे अध्यक्ष माझ्या शेजारचे, तहसीलमधून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणतात. वाईट माणूस नाही, पण बोलताना अजूनही समोर टेबल आहे असं बोलतात. काका आणि मी नगरपरिषदेत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई आम्हाला पाहूनच "साहेब नाही" म्हणायचा, साहेब आत बसलेले असले तरी. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, ते म्हणणारा फार आशावादी माणूस असावा. माझ्या चपला झिजल्या, गुडघे गेले. आणि शेवटी एकदाची आमच्या काठाला संरक्षक भिंत मंजूर झाली. काकांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. ताईला नेऊन दिला.

काम वरच्या अंगानं सुरू झालं. लोखंड, सिमेंट, मिक्सरचा दिवसभर घरघराट. माझ्या घरामागं वळण असल्यामुळे भिंतीचा पाया नाल्यात बसत नव्हता, माझ्या अंगणाची मागची पट्टी लागणार होती. इंजिनीअर मुलगा चांगला होता, चहा प्यायला बसला. मी सहज विचारलं, "इथं वळणावर पाणी भिंतीला येऊन आदळेल, मग पुढं काय?"

तो म्हणाला, "भिंत भक्कम आहे मॅडम, तुमच्याकडे थेंब नाही येणार."

"ते कळलं. आदळून जाईल कुठं?"

त्यानं नाल्यापलीकडे पाहिलं. समोर ताईनं भाऊजींचं अंथरूण गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलं होतं. "पाणी कुठंतरी जाणारच ना मॅडम," तो म्हणाला. "तिकडे काठ सखल आहे. पण ती बाजू आमच्या हद्दीत येत नाही."

इतकी वर्षं मी भिंत भिंत करत फिरले आणि ही गोष्ट माझ्या टाळक्यात आली नव्हती. येणार कशी? आपल्या दारातलं पाणी गेलं पाहिजे, एवढंच माणूस पाहतो. आत्तापर्यंत पूर वळणावर माझ्या अंगणात घुसायचा, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पसरायचा, त्याचा जोर तिथं मोडायचा. ती वाट बुजवली की सगळा लोंढा समोर. आणि समोर पलंगावर एक माणूस, ज्याला कूससुद्धा स्वतःला बदलता येत नाही.

ग्रामपंचायतीत गेले. तिथं म्हणाले, तिकडची भिंत मोठ्या कामात येते, प्रस्ताव पाठवू. मी नोकरी सरकारचीच केली. प्रस्ताव पाठवू याचा अर्थ मला कोणी शिकवायला नको.

मग समितीची बैठक झाली, काकांच्या ओट्यावर. मी सांगितलं, समोरच्या बाजूची सोय होईपर्यंत मी पट्टी देणार नाही. आधी कोणाला खरंच वाटलं नाही. मग काका म्हणाले, "सिस्टर, इतकी पायपीट केली आपण, अन् आता तुम्हीच घोडं अडवता?"

"समोर माझी बहीण आहे."

"आहे ना. पण तुमच्यामुळे आमच्या गल्लीत पाणी येणार त्याचं काय?"

"तुमच्या घरात येतं का? तुम्ही तर मुरूम टाकून आभाळात जाऊन बसले. गल्लीत तुमच्या गाड्या भिजतात. तिकडे माणूस भिजेल."

तेवढ्यात गल्लीतली एक सून म्हणाली, आमची लहान लेकरं आहेत, आजारी पडतात, त्यांचं काय. तिचंही खोटं नव्हतं. त्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलायचे, पण पहिल्यासारखे नाही. पूर्वी माझ्याकडे बीपी मोजून घ्यायला यायचे, तेही बंद झालं. भिंत एका बाजूनं येऊन माझ्या कुंपणापाशी थांबली, पुढं पलीकडून पुन्हा सुरू झाली. मध्ये माझं अंगण उघडं. समोरचा दात पडावा तसं ते दिसायचं.

ताईला मी काही सांगितलं नव्हतं. तिला विहारातल्या बायांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना वळवत होते तेव्हा ती म्हणाली, "देऊन टाक वं पट्टी."

"तू यात पडू नको."

"कायले पडू नको? तुया घरात पाणी घुसते."

"माझ्या घरात मी पळू शकते. तुमचं काय?"

भाऊजी ऐकत होते. ऐकू सगळं यायचं त्यांना. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि त्या दिवशी लवकर सोडलंच नाही.

त्या पावसाळ्यात ते पुन्हा आलं, आणि पूर्वीपेक्षा वाईट आलं. दोन्हीकडून भिंतीनं कोंडलेलं सगळं पाणी त्या एकाच फटीतून माझ्या घरात. फ्रिज आडवा होऊन तरंगला. मी गच्चीवर होते, पण या वेळी आपल्या घराकडे पाहतच नव्हते, समोर पाहत होते. ताईच्या पायरीला पाणी लागलं आणि तिथंच राहिलं. आत गेलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसकण मारली. माझं अर्धं घर पाण्यात, आणि मी गच्चीवर एकटीच हसते आहे.

पाणी उतरल्यावर ताई आली. हातात खराटा आणि फावडं. भाऊजींपाशी शेजारणीला बसवून आली होती. आल्या आल्या पदर खोचला. स्वयंपाकघरातला गाळ ओढला, भांडी विसळली, माझ्या भिजलेल्या साड्या पिळून पिळून दोरीवर टाकल्या. दुपार टळली. मग ओट्यावर बसली आणि एकदम फुटली.

"माया घरी पाणी नाई आलं म्हणून तुले आनंद झाला असंल. मले काय झालं इचार. मी खिडकीतून पाह्यत होती, तुयं घर बुडून राह्यलं होतं. आमच्यासाठी. मी कसं जेवू? कशी निजू? पाऊस आला का मी यायच्याकडं पाह्यतच नाई आता, तुयाच घराकडं पाह्यतो. मले नको तुयं हे वझं."

मीही चिडले. म्हटलं, "वझं काय त्यात? तू माझ्या जागी असती तर काय केलं असतं?"

"हेच केलं असतं," ती म्हणाली. "अन् तू मले असंच बोलली असती."

तिनं खराटा उचलला आणि गेली. मी साड्या वाळवल्या. त्यांचा गाळाचा वास आठवडे गेला नाही.

अश्विन पौर्णिमेला विहारात वाचनाचा शेवट होता. खीर वाटली. ताईनं माझ्यासाठी जागा धरली होती. वाचन संपल्यावर बाया उठल्या, ही उठेना. सतरंजीची किनार बोटानं सारखी करत म्हणाली, "घर इकलं."

मला वाटलं दुसऱ्या कोणाचं सांगते आहे.

"पोरगा पुण्यावरून येऊन राह्यला न्यायले. यायले तिथं दवाखाना जवळ पडते. लिफ्ट हाये." मग म्हणाली, "आता समोर कोणी नाई. तू पट्टी देऊन टाक. भिंत पुरी करून घे."

"माझ्यासाठी घर विकलं तू?"

"तुयासाठी काहून? यायच्यासाठी," ती म्हणाली. पण ती खोटं बोलली की तिचा डोळा आपोआप दुसरीकडे जातो. आयुष्यभर पाहत आले मी ते. मी रडले तिथं, पांढऱ्या साडीच्या पदरात तोंड घालून, आणि विहार झाडणारी बाई झाडू हातात धरून दारातच थांबली. ताईनं मला उगी केलं नाही. तिला माहीत होतं, तिनं हात लावला असता तर तीही थांबली नसती.

ते गेले. गाडीच्या मागच्या सीटवर भाऊजींना आडवं केलं, डोक्याखाली मी माझी उशी दिली. त्यांनी मनगट धरलं. सोडलं.

नंतर मी समितीला पट्टी देत असल्याचं सांगितलं. काकांना बरं वाटलं, आम्ही दोघं पुन्हा नगरपरिषदेत गेलो. तिथं नवे साहेब. ते म्हणाले, निधी मार्चमध्ये परत गेला. ठेकेदारानं काम पूर्ण झाल्याचं दाखवून मिक्सर उचलला. उरलेल्या तुकड्यासाठी नव्यानं मागणी करावी लागेल, नवं अंदाजपत्रक, नवी मंजुरी. "तुम्ही तेव्हाच दिली असती तर," साहेब म्हणाले. काका माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "वरातीमागून घोडं झालं सिस्टर."

ताईच्या घराच्या जागी आता घर नाही. नव्या मालकानं पाडलं, आणि सगळ्यात आधी काय आणलं असेल? मुरूम. आमच्या भिंतीहून उंच भराव घातला, त्याला दगडाची पिचिंग केली. त्याचंही चूक नाही, त्यानं नाला पाहून घेतलं, आमच्यासारखी गच्ची पाहून नाही. आता दोन्ही काठ बंद आहेत. जिथून पाणी बाहेर पडू शकतं अशी एकच जागा उरली आहे, ती माझं अंगण. माझी मुलगी म्हणते, विकून टाक आणि नागपूरला ये. दाखवलं दोघातिघांना. लोक रस्त्यावरून खाली उतरायच्या पायऱ्या पाहतात आणि दारातूनच परत जातात.

यंदा पहिला पूर आला तो दुपारीच. फार नाही, घोट्याच्या वर. मी वायपरनं गाळ बाहेर लोटत होते तर ताईचा फोन.

"पाऊस हाये का वं तिकडं? टीव्हीवर यवतमाळ दाखवून राह्यले."

"आहे थोडा."

"हे इचारून राह्यले. म्हणजे बोलत नाई, पण यवतमाळ म्हटलं का माया हात धरते." मग तिनं श्वास घेतलेला ऐकू आला. "भिंत झाली का पुरी?"

माझ्या पायाखाली चिखल होता. एक चप्पल वाहून गेली होती, ती मी मघापासून शोधत होते.

"झाली," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच झाली ताई. थेंब नाही आला."

"फोटो धाड मले."

मी काकांच्या मागच्या दारी गेले. त्यांच्या बाजूची भिंत सरळ, उंच, कोरडी उभी होती. मी पुष्कळ जवळ जाऊन फोटो काढला, म्हणजे तिचं टोक दिसू नये. काका खिडकीतून पाहत होते. फोटो पाठवला.

ताईला टाइप करता येत नाही, ती बोलून पाठवते. थोड्या वेळानं आलं. मी ते काकांच्या भिंतीला टेकूनच ऐकलं.

"लय चांगली हाये वं. मजबूत दिसते. मी यायले दाखोली. घर इकल्यापासून मले रोज वाटे, उगाच इकलं का काय, भरल्या गावातून उठून इथं येऊन बसली. पण आता बरं वाटलं. आता तू निवांत निजत जाजो."

मी ते पुन्हा एकदा ऐकलं. मग मोबाइल पदराला पुसला आणि घरी येऊन उरलेला गाळ काढायला लागले.